रेल्वेने सहल : एकच तिकीट की सुटी तिकिटे?

सकाळी कोनहून पनवेल स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात दोन प्रकारची माणसे असतात. पळस्पे फाट्यावर रिक्षा अडकली की एक जण घड्याळ पाहू लागतो, कारण त्याला अजून रांगेत उभे राहून तिकीट काढायचे असते. दुसरा शांत बसलेला असतो, कारण त्याच्या खिशात लोकलचा पास असतो.

पासाचा हिशेबही सोपा आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. म्हणजे महिन्यात आठ दिवस जाणे-येणे झाले की पास वसूल. तीन महिन्यांचा पास घेतला तर तिप्पट नव्हे, २.७ पट पैसे लागतात आणि वर्षाचा घेतला तर १०.८ पट. रोज जाणाऱ्याने पासच काढावा, यात वाद नाही.

पण सुट्टी जवळ आली की शेजारीपाजारी, नातेवाईक आम्हाला हमखास विचारतात, “मुलांना घेऊन आठ-दहा दिवस रेल्वेने फिरायचे आहे. असा एखादा पास मिळतो का? की प्रत्येक गाडीचे वेगळे तिकीट काढावे?” आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. त्यामुळे दोन वेळा दोन वेगळ्या पद्धतींनी हा हिशेब मांडला आणि दोन्ही वेळा प्रवास करून पाहिला. एकदा हिशेब बरोबर आला, पण काही तरी चुकले. ते काय चुकले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

देशभर चालणारा पास आता नाही

पूर्वी ‘इंडरेल पास’ नावाचा पास होता. तो परदेशी पाहुण्यांसाठी आणि परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी होता. पैसे परकीय चलनात भरावे लागत. अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंतच्या मुदतीत तो मिळे. आमचे भाईजान कुवेतला असतात. त्यांनी सुट्टीवर येण्याआधी फोन करून हाच पास काढून ठेवायला सांगितले होते, पण तो २०१७ सालीच बंद झाला. मुंबईच्या लोकलसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्यांना ते सोयीचे आहे, पण ते लोकलपुरतेच.

लांबच्या सहलीसाठी आपल्याकडे पासाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे सर्क्युलर तिकीट. चक्कर मारून पुन्हा त्याच स्टेशनवर परत यायचे असेल, तर सगळ्या प्रवासाचे मिळून हे एकच तिकीट काढता येते. ते कोणत्याही वर्गाचे मिळते आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून मुक्काम करता येतो.

स्वस्त का पडते?

रेल्वेचे भाडे अंतराबरोबर वाढते, पण सारख्या दराने वाढत नाही. पहिल्या शंभर किलोमीटरला जो दर पडतो, तो सातशेव्या किलोमीटरला पडत नाही. जितके लांबचे तिकीट, तितका दर किलोमीटरमागे कमी. सर्क्युलर तिकिटात सगळ्या चकरेचे अंतर एकत्र करून त्याचे दोन भाग करतात आणि दोन लांब एकेरी तिकिटांचे भाडे घेतात.

सुट्या तिकिटांत आणखी एक गोष्ट नडते, ती म्हणजे किमान अंतर. स्लीपरला किमान २०० किलोमीटरचे भाडे द्यावेच लागते आणि थ्री-टायर एसीला ३०० किलोमीटरचे. पनवेल ते पुणे हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. एसीने गेलो तर भाडे ३०० किलोमीटरचे. पुणे-सोलापूर सुमारे २६४ किलोमीटर, तिथेही ३००चेच. छोटे छोटे तुकडे पाडून प्रवास केला की न केलेल्या प्रवासाचेही पैसे जातात.

आमची पहिली सहल २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीतली. अम्मीचे माहेर औरंगाबादचे, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिची धाकटी बहीण, आमची खाला, लग्न होऊन हैदराबादला गेली. दोघी बहिणी अकरा वर्षे भेटल्या नव्हत्या. मुलांना विजापूरचा गोलघुमट आणि हैदराबादचा चारमिनार पाहायचा होता. म्हणून अशी चक्कर आखली : पनवेलहून पुणे, सोलापूर, हैदराबाद, तिथून नांदेडमार्गे औरंगाबाद, मग मनमाड, कल्याण आणि परत पनवेल. एकूण अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. म्हणजे भाडे दोन वेळा सुमारे ८०० किलोमीटरचे.

वहीत दोन रकाने पाडले. एकात सुटी तिकिटे, दुसऱ्यात सर्क्युलर. त्या वेळी ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सवलत होती. स्त्रियांना ५८ वर्षांनंतर निम्मी. ती सर्क्युलर तिकिटावरही मिळाली. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. दोघांसाठी वेगळा बर्थ मागितला नाही, म्हणून अर्धे भाडे. सर्क्युलरचा रकाना बराच खाली आला. वाचलेल्या पैशांत सोलापूरचा मुक्काम आणि विजापूरची फेरी आरामात बसत होती. मग जास्त विचार केला नाही.

तिकीट काढताना

हे तिकीट मोबाइलवर मिळत नाही. आधी पूर्ण मार्ग आणि मुक्कामाची ठिकाणे लिहून अर्ज द्यावा लागतो. मार्ग तपासून भाडे ठरवण्याचे काम रेल्वे विभागाच्या वाणिज्य कार्यालयात किंवा काही मोठ्या स्टेशनांवर होते. तिथून मंजुरीचा कागद मिळाला की आपल्या स्टेशनच्या खिडकीवर तिकीट निघते. त्यानंतर प्रत्येक गाडीसाठी आरक्षण वेगळे करायचे. आम्ही एका मोठ्या स्टेशनवर चौकशीला गेलो तेव्हा खिडकीवरच्या तरुण बाबूने असे तिकीट कधी काढलेच नव्हते. शेवटी आतून एक जुने कर्मचारी उठून आले आणि त्यांनी समजावून सांगितले. एकूण तीन फेऱ्या झाल्या. म्हणून ज्यांना हे तिकीट काढायचे असेल त्यांनी निदान तीन महिने आधी तयारी सुरू करावी.

मुदतीचा नियमही त्यांनीच सांगितला. प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. आमच्या १,६०० किलोमीटरला प्रवासाचे चार आणि मुक्कामाचे आठ, असे बारा दिवस मिळाले. अम्मीला सांगितले तेव्हा ती खूश झाली. तिला वाटले, बारा दिवसांतले निदान सहा तरी बहिणीकडे मिळतील.

जे हिशेबात नव्हते

सोलापूरला उतरलो. तिथून विजापूरला जाणारा फाटा आमच्या चकरेबाहेरचा, म्हणून त्याचे तिकीट वेगळे काढले. गोलघुमटाच्या आवाज घुमणाऱ्या गॅलरीत मुलांनी एकमेकांची नावे घेऊन हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी हैदराबादला पोहोचलो. खाला स्टेशनवर आली होती. दोघी बहिणी प्लॅटफॉर्मवर गळ्यात पडून रडल्या आणि मुले बावरून बघत राहिली.

हैदराबादचे तीन दिवस कसे गेले, कळले नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी काचीगुड्याहून निघणाऱ्या अजिंठा एक्सप्रेसचे आरक्षण होते. दुपारी सामान बांधताना खाला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आपा, दो दिन और ठैर जाओ ना.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मोबाइल काढला. दोन दिवसांनंतरच्या त्याच गाडीला मोठी वेटिंग लिस्ट होती. दिवाळीची गर्दी. आजचे बर्थ सोडले तर पुढे मिळण्याची खात्री नव्हती. तिकिटाची मुदत होती, पण बर्थ नव्हता. अम्मीने आमचे चेहरे पाहिले आणि बहिणीला म्हणाली, “बच्चों के टिकटां हैं. अगली बार आती.”

आम्ही निघालो. औरंगाबादला मकबरा, पाणचक्की आणि खुलताबाद पाहिले आणि नवव्या दिवशी तपोवन एक्सप्रेसने कल्याणला येऊन रात्री कोनला पोहोचलो. बारा दिवसांच्या तिकिटातले तीन दिवस शिल्लक होते. शाळा उघडायलाही पाच दिवस होते.

पुढच्या वर्षी रमजानच्या आधी खालाचा इंतकाल झाला. अम्मी आम्हाला त्या दोन दिवसांबद्दल कधीच काही बोलली नाही. आमच्या वहीत मात्र ते दोन रकाने अजून आहेत. त्यांत भाडे आहे, आरक्षणाचे पैसे आहेत, पाण्याच्या बाटल्यासुद्धा आहेत. अम्मी किती दिवस राहील, हा रकानाच नाही.

पास म्हणजे जागा नव्हे

दोष तिकिटाचा नव्हता. आमची समजूत चुकली होती. सर्क्युलर तिकीट आपल्याला अंतर विकते आणि मुदत देते. गाडीत बसायला-झोपायला जागा देत नाही. ती प्रत्येक गाडीला वेगळी मिळवावी लागते आणि तिची तारीख ठरलेली असते. म्हणजे ‘कधीही निघा’ असे वाटणारे हे तिकीट सुट्टीच्या गर्दीत शेवटी तारखेलाच बांधलेले असते. थांबायचे असेल तर आधीच ठरवून आरक्षण पुढच्या तारखेचे करायला हवे. बारा दिवसांपैकी हैदराबादला तीन दिवस आम्हीच लिहिले होते, रेल्वेने नव्हे. अम्मीला विचारून सहा लिहिले असते, तर भाड्यात एका रुपयाचाही फरक पडला नसता.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. युरोपात १९५९ पासून युरेल पास आहे. त्या पासावर अनेक देशांत फिरता येते, पण फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाड्यांत पास असला तरी जागेचे आरक्षण पैसे देऊन करावे लागते. जपानच्या रेल्वे पासाचे नाव तर जगभर आहे. त्याचा साध्या वर्गाचा सात दिवसांचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. तेव्हापासून तिथे एक-दोन शहरेच पाहणाऱ्याला सुटी तिकिटे स्वस्त पडू लागली. पास फायद्याचा की नाही, हे प्रत्येक वेळी नव्याने मोजावे लागते. शेजाऱ्याला परवडला म्हणून आपल्यालाही परवडेल असे नाही.

दुसरी सहल, सुट्या तिकिटांची

गेल्या वर्षी अम्मी एकदा म्हणाली की खालाच्या लेकीला भेटायचे आहे. या वेळी वही उघडण्याआधी आम्ही अम्मीला विचारले, किती दिवस राहायचे? ती म्हणाली, “वहाँ जाके बोलती.”

यावर वहीत काय लिहायचे? ज्याचा परतीचा दिवस ठरलेला नाही, त्याच्यासाठी सर्क्युलर तिकीट नाही. शिवाय या वेळी चक्करही नव्हती, सरळ जाऊन सरळ परत यायचे होते. अशा प्रवासात सर्क्युलरचा प्रश्नच येत नाही. पनवेलहून पुणे आणि पुण्याहून हैदराबाद असे तुकडे न पाडता शक्य तिथे एकच लांब तिकीट काढले की लांबचा कमी दर आपोआप लागतो.

इथे अनेकांना माहीत नसलेला एक नियम सांगतो. साधे एकेरी तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे असेल, तर वाटेत एकदा उतरून दोन दिवसांपर्यंत थांबता येते. तिकीट १,००० किलोमीटरपेक्षा लांबचे असेल, तर दोनदा. उतरल्यावर स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर शेरा घ्यावा लागतो. अट अशी की पहिले ५०० किलोमीटर पूर्ण झाल्याशिवाय उतरता येत नाही. म्हणजे हैदराबादला जाताना पुण्याला किंवा सोलापूरला हा लाभ मिळत नाही. दिल्लीला जाताना मात्र भोपाळला उतरता येते.

जाण्याचे आरक्षण साठ दिवस आधी केले. आता मुदत तेवढीच आहे. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस होती. परतीचे आरक्षण मुद्दाम उशिराचे घेतले, पोहोचल्यापासून नवव्या दिवसाचे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती परत सुरू झालेली नाही. मुले आता मोठी झाली आहेत, त्यांचेही पूर्ण भाडे. खर्च पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त आला, फिरणे निम्मे झाले.

पाचव्या दिवशी नाश्त्याला अम्मी म्हणाली की आता माहेरची गल्ली एकदा बघून घरी जाऊ. परतीचे तिकीट चार दिवसांनंतरचे आणि तेही पुण्यावरून. आम्ही ते लगेच रद्द केले. वेळ हाताशी असल्याने माणशी ठरलेली रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळाले. मधल्या वाराला गर्दी कमी होती. औरंगाबादच्या रात्रीच्या गाडीला तीन बर्थ पक्के मिळाले आणि दोन आरएसी. मुले आरएसीच्या एका बर्थवर समोरासमोर बसून अर्धी रात्र पत्ते खेळली. सर्क्युलर तिकिटावर असता तर हा बदल करता आला नसता. त्यात मार्ग आधीच लिहून दिलेला असतो.

मग काय घ्यावे?

आमच्या दोन्ही वेळच्या अनुभवावरून वाचकांनी तिकीट काढण्यापूर्वी या गोष्टी पाहाव्यात :

१. चक्कर आहे की सरळ रेघ? निघालेल्या स्टेशनवर दुसऱ्या वाटेने परत येणार असाल आणि वाटेत तीन-चार मुक्काम असतील, तर सर्क्युलर तिकिटाचा विचार करा. त्याच वाटेने परत येणार असाल तर एक लांबचे जाण्याचे आणि एक येण्याचे तिकीट पुरे.

२. तुकडे किती छोटे आहेत? एसीने ३०० किलोमीटरपेक्षा किंवा स्लीपरने २०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराचे दोन-तीन टप्पे असतील, तर सुटी तिकिटे महाग पडतात. अशा छोट्या टप्प्याला दिवसाच्या गाडीतले बसण्याचे आरक्षण घेतले तर पैसे वाचतात.

३. आरक्षणाचे पैसे दोन्हीकडे धरा. सर्क्युलर तिकीट असले तरी प्रत्येक गाडीचे आरक्षण शुल्क वेगळे लागते. स्लीपरला माणशी २० रुपये, थ्री-टायरला ४०. सुपरफास्ट गाडी असेल तर स्लीपरला ३० आणि थ्री-टायरला ४५ रुपये अधिक.

४. वाट कोकण रेल्वेची आहे का? रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेवर भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. रत्नागिरी, गोवा अशी चक्कर आखताना नकाशावरच्या किलोमीटरवर हिशेब करू नका.

५. मुलांचे वय काय? पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर भाडे नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे, हवा असेल तर पूर्ण. रात्रीचे दोन-तीन प्रवास असतील तर आईच्या कुशीत मूल किती रात्री झोपेल, हेही पाहा.

६. परतीचा दिवस कोण ठरवणार? हा प्रश्न शेवटी लिहिला असला तरी आधी विचारा. सगळे तरुण असतील आणि सुट्टी ठरलेली असेल, तर स्वस्त पडेल ते घ्या. सोबत वृद्ध माणूस असेल, वाटेत लेकीचे, बहिणीचे किंवा माहेरचे घर असेल, तर तिथे दोन दिवस जास्त धरूनच आरक्षण करा. मग तिकीट सर्क्युलर असो की सुटे.

आम्ही औरंगाबादला दोन दिवस थांबलो. अम्मीची गल्ली बदलली आहे. घराच्या जागी तीन मजली इमारत उभी आहे, पण समोरची विहीर जाळी टाकून ठेवलेली अजून आहे. अम्मी तिच्या कठड्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली. आम्ही घड्याळ पाहिले नाही. मुलगा हळूच जवळ येऊन म्हणाला, “दादी, गाडी उद्याची आहे.” अम्मी हसली आणि त्याला सांगू लागली की या विहिरीत खालाची नवी चप्पल पडली तेव्हा ती किती रडली होती.